बाराशे रुपयांत चेंबर साफ होत नाही

गेल्या रविवारी आमच्या कॉलनीचं मेन चेंबर तुंबलं. तुंबलं म्हणजे कसं, कोपऱ्यावरच्या दोन घरांच्या अंगणात घाण पाणी आलं आणि एकांच्या तर नहाणीतून उलटं वर आलं. साहजिकच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पेटला. सकाळी आठपासून फोटो, शिव्या, "कर भरतो ना आपण" वगैरे. दुपारपर्यंत दोघांचे दर आले.

एकानं सांगितलं, जेटिंगची गाडी आणतो, पाणी माझं, साडेचार हजार होतील.

दुसऱ्यानं सांगितलं, बाराशे. कसं करणार विचारलं तर म्हणाला, "भाऊ, टेन्शन नका घेऊ. पोरगं उतरवतो, अर्ध्या तासात क्लिअर."

पंधरा मिनिटांत ग्रुपवर बावीस अंगठे पडले. सगळे बाराशेवाल्याला.

मी लिहिलं, "माणूस उतरवायचा नाही. तीस घरं आहेत, घरटी दीडशे रुपये येतात, मशीन बोलवू." झालं. एक काका म्हणाले, "तुम्ही पत्रकार, तुम्हाला सगळीकडं बातमी दिसते." एका ताईंनी लिहिलं, "त्याचा रोजचा धंदा आहे तो, त्याला चालतंय तर आपल्याला काय?" आणि एकानं विचारलं, "वरचे तेहतीसशे काय झाडाला लागलेत?"

ग्रुपवर मी उत्तर दिलं नाही, तिथं उत्तर दिलं की भांडण होतं. इथं देतो. पोस्ट लांब आहे, पण आपल्या प्रत्येकाच्या दारात चेंबर आहे, तेव्हा वाचा.

आधी माझं पाप सांगतो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी भाड्याच्या घरात राहायचो. पत्रकारितेचा डिप्लोमा करून नुकताच बातमीदारीला लागलो होतो. पावसाळ्यात मागचं चेंबर भरलं. घरमालकानं एक पोरगा आणला, असेल एकोणीस-वीसचा. अंगात फक्त हाफ पँट. ना दोर, ना बूट, ना हातमोजे. तो आत उतरला आणि मी वरून टॉर्च धरला. हो, मीच धरला. तो बादली भरून द्यायचा, दुसरा वर ओढायचा. काम झाल्यावर घरमालकानं आणि मी मिळून त्याला तीनशे रुपये दिले. चहाही दिला. चहा दिला तो कागदी कपात. घरात स्टीलचे कप होते, रोज पाहुण्यांना त्याच कपात द्यायचो.

पोरगा सुखरूप वर आला, पैसे घेऊन गेला. म्हणून ती गोष्ट माझ्या लक्षातही राहिली नाही. मेला असता तर मीच बातमी लिहिली असती. "चेंबरमध्ये गुदमरून तरुणाचा मृत्यू", दोन कॉलम. टॉर्च कोणी धरला होता ते त्यात आलं नसतं.

ती गोष्ट आठवली २०२३ च्या मे महिन्यात. परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यात, भाऊचा तांडा इथं, एका शेत-आखाड्यावरची सेप्टिक टँक साफ करताना पाच जण गेले. पाचही एकमेकांच्या नात्यातले. मुंबई-दिल्लीची गोष्ट नाही ही, आपल्या मराठवाड्यातली आहे. त्याच महिन्यात आपल्या शहरात, सलीम अली सरोवराच्या परिसरात, ड्रेनेजच्या चेंबरमध्ये उतरलेले कामगार गुदमरून मेले. आपण सकाळी जिथं फिरायला जातो, पक्षी बघतो, ते सलीम अली सरोवर.

आणि त्याच्या चार वर्षं आधी, मार्च २०१९ मध्ये, चिकलठाण्याच्या बाजूला सुखना नदीकाठी जे झालं ते तर अजून वेगळं. दुष्काळाचं साल होतं. शेतीला पाणी नाही म्हणून ड्रेनेजच्या चेंबरमध्ये मोटार सोडून पाणी उपसलं जायचं. मोटारीत बिघाड झाला म्हणून एक जण उतरला, तो वर येईना म्हणून दुसरा, मग पुढचा. शेतकरी माणसं होती ती, सफाईवाली नव्हती. चेंबरमधला गॅस जात, धंदा काही विचारत नाही.

हा गॅस काय आहे ते समजून घ्या, कारण आपल्यापैकी नव्वद टक्के लोकांना वाटतं की "वास सहन झाला की झालं". मैला कुजतो तेव्हा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हाच. थोडा असेल तेव्हा वास येतो. प्रमाण वाढलं की तो वास घेण्याची नाकाची शक्तीच बंद पाडतो. म्हणजे आतल्या माणसाला वाटतं, वास गेला, आता बरं आहे. त्याच वेळी तो सगळ्यात जास्त धोक्यात असतो. हा गॅस हवेपेक्षा जड, तळाशी बसून राहतो. गाळात अडकलेला असतो, बादली किंवा फावडं फिरवलं की एकदम बाहेर येतो. म्हणून "दहा मिनिटं झाली, काही झालं नाही" याला काही अर्थ नाही. अकराव्या मिनिटाला फावडं खोल गेलं की खेळ संपला. दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. ओरडायलाही वेळ मिळत नाही.

वरचा माणूस बघतो, पोरगं पडलं. चक्कर आली असेल म्हणून तो उतरतो. सख्खा भाऊ असतो, मेव्हणा असतो, कोण थांबेल? म्हणून अशा बातम्यांत आकडा बहुतेक वेळा एक नसतो. दोन असतो, तीन असतो, सोनपेठला पाच होता.

आता परत आमच्या कॉलनीत या.

शेवटी आम्ही पाच-सहा घरांनी जास्तीचे पैसे टाकले आणि मंगळवारी गाडी आली. काम बघत उभा होतो, तेव्हा गाडीवाल्याशी बोलणं झालं. चाळिशीचा माणूस, माझ्याच वयाचा. सोळाव्या वर्षी एका प्लंबरच्या हाताखाली लागला, पाइपला आटे पाडायला आणि सांध्याला सूत-सफेदा लावायला शिकला. पुढं आयटीआयचा प्लंबरचा एक वर्षाचा कोर्स केला. नळजोडणी, टाक्या, बाथरूम फिटिंग अशी कामं करत करत तुंबलेल्या लाइनी काढायला लागला. आधी बांबूच्या कामट्या, मग स्प्रिंगचं मशीन, मग कर्ज काढून जुनी जेटिंगची गाडी. नाव लिहू नका म्हणाला, म्हणून लिहीत नाही.

त्यानं मला हिशोब सांगितला. प्रत्येक सोसायटीच्या चेअरमननं एकदा ऐकावा असा आहे.

गाडीचा हप्ता, काम असो वा नसो. एक ड्रायव्हर, दोन माणसं, त्यांचा पगार. डिझेल दुहेरी, गाडी चालायला वेगळं आणि पंप चालायला वेगळं. प्रेशरचा पाइप फाटतो, पुढचं नोझल झिजतं. आणि जी गोष्ट माझ्याही डोक्यात कधी आली नव्हती ती म्हणजे पाणी. जेटिंग म्हणजे पाण्याचाच मारा. एका कामाला हजारो लिटर पाणी लागतं. आपल्या शहरात पाण्याची काय अवस्था आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. जायकवाडी भरलं तरी नळाला कित्येक दिवसांच्या खंडानं पाणी. २०२२ च्या मे महिन्यात याच पाण्यासाठी शहरात जलआक्रोश मोर्चा निघाला होता, आठवत असेल. त्या शहरात हा माणूस गटार साफ करण्यासाठी टँकर विकत घेतो. तो खर्चही साडेचार हजारांतच.

सेप्टिक टँकचं काम असलं तर आणखी एक. उपसलेला मैला न्यायचा कुठं? नियमानं मलशुद्धीकरण केंद्रापर्यंत. सातारा-देवळाईच्या टोकाहून ती फेरी मारा, डिझेल बघा, गेलेला वेळ बघा. स्वस्तात उपसणाऱ्यांतले कितीतरी रात्री जवळचा नाला बघून तोटी उघडतात. नाला जातो खाम नदीला नाही तर सुखनेला. म्हणजे एका हातानं आपण खाम नदी स्वच्छ झाली म्हणून सेल्फी काढायचे आणि दुसऱ्या हातानं सगळ्यात स्वस्त टँकरवाल्याला फोन करायचा. तुमच्या टाकीतला मैला कुठं ओतला, हे तुम्ही आजवर एकदा तरी विचारलं का? मी नव्हतं विचारलं.

मी त्याला म्हटलं, मग परवडतं कसं? तो हसला. म्हणाला, "भाऊ, पंधरा ठिकाणी दर देतो तेव्हा चार कामं मिळतात. बाकीचे म्हणतात, तो तर बाराशेत करतोय. खरं सांगू? गाडी विकून दोन पोरं ठेवली तर मी जास्त कमवीन. गाडीचा हप्ता असतो, पोरांचा नसतो."

म्हटलं, आणि पोरगं मेलं तर?

"मेलं तर मी जेलात. पण रोज थोडीच मरतंय? त्या भरवशावरच सगळं मार्केट चालू आहे."

माझं सगळं म्हणणं या दोन वाक्यांत आलं. साडेचार हजार आणि बाराशे यांच्यातला तेहतीसशेचा फरक म्हणजे बाराशेवाल्याची हुशारी नव्हे, आणि साडेचार हजारवाल्याची लूटही नव्हे. गाडी, पाणी, डिझेल, पाइप या सगळ्याच्या जागी एक जिवंत माणूस घातला की तेहतीसशे वाचतात. ते आपल्या खिशात राहतात, धोका मात्र पूर्ण त्या पोराच्या अंगावर. आपण त्याला "घासाघीस" म्हणतो.

यात सगळ्यात आधी मरतो तो पोरगा. त्याच्या पाठोपाठ मरतो तो नीट धंदा करू पाहणारा माणूस. बँकेचा हप्ता भरणारा, पोरांना गमबूट देणारा, पावती देणारा. आपण म्हणतो मराठी पोरांनी नोकरीमागं धावू नये, धंदा करावा. स्टेटसला उद्योजकतेचे सुविचार ठेवतो. आणि आपल्याच गल्लीतला एक जण कर्ज काढून धंदा उभा करतो तेव्हा त्याला पाडायला आपणच बाराशेवाला शोधून आणतो.

उधारीचं तर विचारूच नका. एका मोठ्या सोसायटीनं त्याचं बिल सात महिने अडकवलं. का, तर कमिटी बदलली. उद्यम नोंदणी असलेल्या लहान उद्योगाचं बिल फार तर ४५ दिवसांत द्यावं असा २००६ चा कायदा आहे, हे त्या सोसायटीला माहीत नाही, आणि त्या बिचाऱ्यालाही नव्हतं. मी सांगितल्यावर म्हणाला, "कायदा दाखवला तर पुढचं काम कोण देईल?"

आता कायद्याचं बोलू. "त्याला चालतंय तर आपल्याला काय" म्हणणाऱ्या ताईंसाठी खास.

२०१३ साली संसदेनं कायदा केला. हातानं मैला साफ करायला माणसं लावण्यावर बंदी आणि त्या कामगारांचं पुनर्वसन, असा तो कायदा. त्याचं कलम ७ म्हणतं की कुणीही व्यक्ती, स्थानिक संस्था किंवा एजन्सी, थेट किंवा आडून, कुणालाही गटाराच्या किंवा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईला लावणार नाही. धोकादायक म्हणजे सुरक्षेची साधनं आणि खबरदारी न घेता माणसानं हातानं केलेली सफाई. पहिल्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केला तर ५ वर्षं आणि ५ लाख. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र.

"कुणीही व्यक्ती" हा शब्द परत वाचा. त्यात ठेकेदार येतो, चेअरमन येतो, सेक्रेटरी येतो आणि बंगल्याचा मालक येतो. "मी त्याला उतर म्हटलंच नाही, त्याच्या मालकानं उतरवलं" हेही चालत नाही, कारण कायद्यात "आडून" असंही आहे. ग्रुपवर बाराशेवाल्याला दिलेला अंगठा हा लेखी पुरावा आहे, ताई.

उदाहरण देतो. मुंबईत गोवंडीला डिसेंबर २०१९ मध्ये एका खासगी हाउसिंग सोसायटीची सेप्टिक टँक साफ करताना तिघं कामगार गेले. त्यांच्या विधवा उच्च न्यायालयात गेल्या. काम खासगी, ठेकेदार खासगी, मग सरकारचा काय संबंध, असा युक्तिवाद झाला. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो फेटाळला आणि प्रत्येकीला १० लाख द्यायला लावले. सरकारनं आधी द्यावेत, मग जबाबदार असतील त्यांच्याकडून वसूल करावेत. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूला १० लाखांची भरपाई ठरवली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयानं ती ३० लाख केली, कायमचं अपंगत्व आलं तर किमान २० लाख. आता आमच्या ग्रुपवरच्या त्या प्रश्नाचं उत्तर द्या. वरचे तेहतीसशे झाडाला लागलेले नाहीत, मान्य. तीस लाख लागलेत का?

कायदा असून माणसं का मरतात? एक कारण सरकारी भाषेत आहे. २०२१ मध्ये संसदेत सांगितलं गेलं की हातानं मैला साफ करण्यामुळं एकही मृत्यू झालेला नाही. आणि गटार, सेप्टिक टँकमध्ये मेलेली माणसं? ती वेगळ्या रकान्यात! तिथं त्यांचं नाव "धोकादायक सफाई". माणूस तोच, मैला तोच, रकाना बदलला की शून्य तयार. आपल्याकडं पोलिस ठाण्यात सुरुवात बऱ्याचदा "अकस्मात मृत्यू" अशी नोंद होऊन होते. अकस्मात कसला? पोराला बाराशे रुपयांत आत पाठवलं तेव्हा ठरलेलंच होतं, फक्त तारीख ठरली नव्हती.

दुसरं कारण आपल्या घरात आहे, आणि ते आपल्याला बोलायला आवडत नाही. चेंबरमध्ये उतरणारं पोरगं कुठल्या वस्तीतून येतं हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. नळ दुरुस्त करणाऱ्याला आपण "प्लंबर" म्हणतो, चेंबर काढणाऱ्याला काय म्हणतो ते इथं लिहीत नाही. एकाच माणसानं सकाळी बेसिनचा नळ बसवला तर त्याला सोफ्यावर बसवतो आणि दुपारी ड्रेनेज काढलं तर गेटच्या बाहेर उभं करतो. गाडीवाला सांगत होता, पोराला स्थळ बघायला गेले तेव्हा "धंदा काय" याचं उत्तर "फक्त प्लंबिंग" असं दिलं. तीन माणसांना रोजगार देणारा मालक आहे तो! माझा कागदी कप मला आठवतो तो म्हणून.

आता तुम्ही म्हणाल, पत्रकार महाराज, बोलणं सोपं आहे. तर तीन आक्षेप मीच घेतो.

पहिला. "मशीन आणली तर गरिबाचा रोजगार जाईल." हैदराबादला जा. तिथल्या पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळानं २०१७ मध्ये ७० लहान जेटिंग गाड्या कामाला लावल्या. दिल्लीत २०१९ मध्ये २०० गाड्या उतरल्या. गाड्यांचे मालक कोण? सफाई कामगार आणि गटारात मेलेल्या कामगारांच्या घरचे लोक. दलित उद्योजकांच्या चेंबरनं म्हणजे आपल्या पुण्यातून सुरू झालेल्या डिक्कीनं यात पुढाकार घेतला, कर्ज स्टेट बँकेनं दिलं, आणि काम मिळेल याची हमी कंत्राटातूनच होती. कालपर्यंत जो आत उतरत होता तो गाडीचा मालक झाला. दिल्लीत त्यानंतर मृत्यू थांबले असं नाही, खासगी टाक्यांमध्ये माणसं मरतातच. पण रोजगार जाईल हा मुद्दा तिथं खोटा ठरला. केंद्राच्या नमस्ते योजनेत आज अशी गाडी घ्यायला एकट्या कामगाराला ५ लाखांपर्यंत अनुदान आहे. आपल्या जिल्ह्यात हे किती जणांना मिळालं, हे लोकप्रतिनिधींना विचारायला हरकत नाही. निवडणुकीत विचारा, ते दारात येतात तेव्हा.

दुसरा. "आपल्या जुन्या गल्ल्यांत गाडी जातच नाही." गुलमंडी, शहागंज, बुढीलेन, बरोबर आहे, मोठी गाडी नाही जात. हैदराबादच्या जुन्या शहरातल्या गल्ल्या काय आठ पदरी आहेत? लहान गाड्या त्याच कारणासाठी बनवल्या. केरळात तरुण इंजिनिअर पोरांनी मॅनहोलमध्ये उतरणारा रोबो बनवला आणि २०१८ मध्ये तिरुवनंतपुरमला कामाला लावला. आणि आपण तर मलिक अंबरच्या गावचे. या माणसानं चारशे वर्षांपूर्वी, सतराव्या शतकात, जमिनीखालून नहर काढून, खापराच्या नळांतून या शहराला पाणी दिलं. ते पाणी उंचावर चढवायला बंबे बांधले. पाणचक्की बघायला पाहुण्यांना नेतो तेव्हा आपली छाती फुगते. त्या गावात २०२० नंतरही "गाडी जात नाही म्हणून पोरगं घाला" हे उत्तर शोभतं का?

तिसरा. "हे महापालिकेचं काम आहे, आम्ही का पैसे द्यायचे?" रस्त्यावरची मेन लाइन महापालिकेची, शंभर टक्के. तिथं मागणी लावून धरा. पण सोसायटीच्या आतली लाइन आणि घरची सेप्टिक टँक आपली आहे. सातारा-देवळाईत हजारो घरं वर्षानुवर्षं सेप्टिक टँकवरच आहेत. तिथं फोन आपणच करतो, दर आपणच ठरवतो.

महापालिकेकडं माझ्या मागण्या सरळ आहेत. नळजोडणी द्यायला परवानाधारक प्लंबर लागतो. म्हणजे स्वच्छ पाण्याच्या पाइपला हात लावायला परवाना, आणि जिथं माणूस मरतो त्या चेंबरला हात लावायला काहीच नको, हे उलटं आहे. ड्रेनेज आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्या लहान धंदेवाल्यांची नोंदणी करा. ज्यांच्याकडं मशीन, गॅस मोजायचं यंत्र आणि विमा आहे त्यांची यादी वॉर्ड ऑफिसच्या बोर्डावर लावा, आणि वेबसाइटवर टाका. दर जाहीर करा, म्हणजे लोकांना साडेचार हजार लूट वाटणार नाही. जेटिंगसाठी प्रक्रिया केलेलं पाणी द्या, टँकरचा खर्च वाचेल, दर आपोआप खाली येईल. मैला रिकामा करायची जागा आणि वेळ ठरवून द्या. आणि टेंडर काढाल तेव्हा सगळ्यात कमी दर एवढंच बघू नका. माणूस न उतरवता ज्या दरात काम होऊच शकत नाही, तो दर मंजूर करणं म्हणजे माणूस उतरवायला मंजुरी देणं.

आता आपल्यासाठी. पुढच्या वेळी चेंबर तुंबलं की दर विचारण्याआधी एवढं करा.

१. "माणूस आत उतरणार का?" हा पहिला प्रश्न. हो म्हणाला तर फोन ठेवा. फुकट करतो म्हणाला तरी ठेवा.

२. सेप्टिक टँक असेल तर मैला कुठं रिकामा करणार ते विचारा आणि पावती मागा.

३. झाकण उघडून आत काडी किंवा दिवा सोडून गॅस बघायची जुनी पद्धत कुणी करत असेल तर थांबवा. आत मिथेन असतो, भडका उडतो. झाकणाजवळ विडी-सिगारेट नको.

४. कुणी आत पडलंच तर मागोमाग उतरू नका, कुणाला उतरू देऊ नका. अग्निशमन दलाला १०१ किंवा ११२ लावा. ही एक गोष्ट पाळली असती तर किती घरांतला दुसरा आणि तिसरा माणूस आज असता.

५. शेजारी कुणी माणूस उतरवत असेल तर १४४२० हा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे. शेजाऱ्याशी संबंध बिघडतील. बिघडू द्या.

६. काम झालं की त्याच दिवशी पैसे द्या.

शेवटी, आमच्या चेंबरमधून काय निघालं ते सांगतो. तासाभराच्या माऱ्यानंतर आधी सिमेंटचा गोळा आला, मग फरशीचे तुकडे. कुणाच्या तरी किचनचं नूतनीकरण झालं होतं, गवंड्यानं उरलेला माल सरळ चेंबरमध्ये ढकलला. पाठोपाठ डायपर, पॅड, फरशी पुसायचं फडकं, आणि साबणासारखा घट्ट झालेला तेलाचा थर. चेंबर तुंबवलं होतं आम्हीच, सुशिक्षित, कर भरणाऱ्या तीस घरांनी. आणि आमचा तो कचरा हातानं काढायला आम्ही एका पोराला बाराशे रुपयांत आत घालणार होतो. त्यातले त्याच्या हातात किती पडले असते, चारशे?

गाडीवाल्याच्या माणसांना चहा दिला. स्टीलच्या कपात. यात मोठेपणा काही नाही, पंधरा वर्षांची उधारी होती. ती फिटलेली नाही, त्या पोराचं नावही मला माहीत नाही.

बावीस अंगठ्यांपैकी नऊ जणांनी नंतर दीडशे रुपये दिले. बाकीच्यांना या पोस्टमध्ये टॅग केलेलं नाही, पण ते वाचतायत हे मला माहीत आहे. गुगल पे चालू आहे.

पटलं तर तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली भांडा. फक्त "तुमच्याकडं साडेचार हजारवाल्याचा नंबर आहे का" असं विचारणाऱ्यांनी इनबॉक्समध्ये या. त्याचा धंदा वाढला तर मला आनंदच आहे.